मनीऑर्डरीपासून वर्गणीपर्यंत : अंधेरीत स्थायिक झालेल्या चाकरमान्यांच्या कमाईचा मागोवा

कोकणातील कोणत्याही देवळाचा जीर्णोद्धार घ्या. सभामंडपातील देणगीदारांच्या फलकावर गावच्या वाड्यांच्या नावांबरोबर अंधेरी, जोगेश्वरी, मरोळ, साकीनाका ही नावे आढळल्यावाचून राहत नाहीत. देव गावचा, जागा गावची, पाया खणायला आणि चिरे वाहायला हातही गावचे; परंतु सिमेंट, लोखंड, लादी आणि कळस यांचा पैसा पुष्कळसा मुंबईचा, ही गोष्ट आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. हा पैसा आला कोठून, तो मिळविताना कोणाला काय सोसावे लागले, आणि पूर्वी दरमहा पोष्टमनच्या हातून येणारी रक्कम थांबून ती वर्गणीच्या पावतीवर कशी आली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. गावात राहणाऱ्यास वाटते, मुंबईकर श्रीमंत झाला आणि विसरला. मुंबईकरास वाटते, गावाला आपली आठवण वर्गणीपुरतीच होते. या दोन्ही बोलण्यांत तथ्य किती, हे जुन्या हिशेबांवरून पाहण्यासारखे आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचे ठरविले व ती १८५६ साली चालू झाली. तेव्हापासून पुढची शंभर वर्षे कोकणी माणसाची मुंबई म्हणजे मुख्यतः गिरणी आणि गोदी. त्यातही रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा मोठा. (१ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत दोन्ही मिळून एकच जिल्हा होता.) १८८० साली प्रसिद्ध झालेल्या या जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये असे नमूद आहे की, मुंबईत कायमचे किंवा दीर्घकाळ राहणारे लोक सोडून, दर उघाडीत एक लाखाहून अधिक माणसे समुद्रमार्गे व जमिनीवरून मुंबईस कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर शेतीसाठी परत येतात. म्हणजे त्या काळी मुंबई हे राहण्याचे ठिकाण नव्हते. भात कापून झाले की जायचे आणि मृगाच्या आधी परतायचे, असे ते एक दुसरे शेतच होते.

घराबाहेर पडण्याचे कारण उघड आहे. कातळाची जमीन, एका पावसावरचे भात, वरकस जमिनीवर नाचणी-वरी, आणि जे पिकेल त्यातून खोताचा वाटा. खोताचे देणे व सावकाराचे व्याज रोख किंवा धान्याने भागवल्यावर घरात दिवाळीपुढे किती दाणे उरत, हे जुन्या माणसांनी सांगितलेले अनेकांच्या कानावर असेल. खोती नष्ट व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, स्वातंत्र्यानंतर. मधल्या काळात खोताचे देणे पुष्कळ ठिकाणी मुंबईच्या पगारातून फिटत होते. गिरणीत साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाच्या घामातून कोकणातल्या खोताचे कोठार भरे, असा हा विचित्र व्यवहार होता.

पैसा गावी पोचविण्याची सोय पोष्टाने केली. १८८० सालापासून मनीऑर्डरीचे काम पोष्टखात्याकडे आले. त्यापूर्वी ओळखीच्या माणसाच्या कनवटीला बांधून पैसे पाठवावे लागत. पोष्टमन घरोघर जाऊन रोख रक्कम मोजून देऊ लागल्यावर कोकणाचे सगळे वेळापत्रकच मनीऑर्डरीवर बसले. दुकानदाराची उधारी, मुलाच्या शाळेची फी, बी-बियाणे, सुनेचे लुगडे, देवाचा नारळ, सगळे ‘मनीऑर्डर आल्यावर’. फॉर्मच्या तळाशी संदेशासाठी ठेवलेल्या तुकड्यावर चार ओळी लिहिलेल्या असत. वाचता न येणाऱ्या कितीतरी बायकांनी तो तुकडा पोष्टमनकडून किंवा शाळकरी पोराकडून वाचून घेतला असेल. नवऱ्याचे बोलणे परक्याच्या तोंडून ऐकायचे, ही त्या पिढीतील स्त्रियांची रीतच होती.

आता त्या पैशाचे प्रमाण पाहू. मुंबई सरकारच्या मजूर कार्यालयाने १९२१–२२ साली शहरातील कामगारांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिच्यात कामगार कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न सुमारे ५२ रुपये आढळले. यात सगळ्या मिळवत्या माणसांची कमाई आली. शंभरातील ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. परंतु या पाहणीतील आपल्या उपयोगाची गोष्ट वेगळीच आहे. जे पुरुष बायकामुले गावी ठेवून एकटे राहत होते, ते आपल्या कमाईतील सुमारे चौथा हिस्सा गावी पाठवीत. जे कुटुंबासह मुंबईत राहत होते, त्यांच्याकडून गावी जाणारी रक्कम याच्या मानाने अगदी थोडी होती.

मुंबईकर गाव विसरला ही तक्रार आजची वाटते. तिचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या या हिशेबातच आहे. एकटा माणूस चौथा हिस्सा पाठवू शके तो त्याची माया अधिक म्हणून नव्हे, तर तो अर्धवट जगत होता म्हणून. गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जणांत त्याची पत्र्याची ट्रंक आणि वळकटी. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. जेवण खानावळीत, तेही पगारावर उधार. आजारी पडला तर बोटीत बसवून गावी पाठवायचे. म्हातारा झाला तर गावी. काम सुटले तर गावी. बायकोचे बाळंतपण गावी, मुलांचे दूधभात गावी. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया होत्या. उरलेल्या कोठे होत्या, हे कोकणातील प्रत्येक घराला ठाऊक होते. त्या नांगरामागे होत्या, लावणीत होत्या, सासूसासऱ्यांचे करीत होत्या.

शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात म्हटले की, कामगाराला शहर ओढून आणत नाही, त्याला गाव बाहेर ढकलते. आणि त्याचे गावाशी असलेले नाते हा आजारपण, बेकारी, म्हातारपण यांसाठी एक प्रकारचा विमाच असल्याने ते नाते टिकवावे. विमा खरा, पण त्याचा हप्ता कोण भरत होते? गिरणीमालक नव्हे, सरकार नव्हे. तो हप्ता गावात राहिलेली आई, बायको आणि धाकटा भाऊ भरत होते. शहराने माणसाला दिवसभराच्या कामाचे पैसे दिले. त्याला वाढविण्याचे, दुखण्यात सांभाळण्याचे आणि शेवटी पोसण्याचे पैसे गावाने घातले. मुंबईचा पगार वाटे तितका मुंबईचा नव्हता, आणि मनीऑर्डर हे उपकारही नव्हते. ती घेतलेल्याची अर्धीमुर्धी परतफेड होती.

मग लोक कायमचे राहू लागले ते केव्हा व कशामुळे? सामान्यतः ‘मुंबईची हवा लागली’ असे याचे उत्तर दिले जाते. ते बरोबर नाही. १९४७ साली औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने गिरणीकामगाराला किमान ३० रुपये मूळ पगार व त्यावर महागाईभत्ता ठरला. त्याच वर्षी भाडेनियंत्रणाचा कायदा झाला, त्यामुळे खोलीचे भाडे स्थिर झाले व भाडेकरूला सहज काढता येईना. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला, १९५२ साली भविष्य निर्वाह निधीचा. इकडे गावी १ एप्रिल १९५७ रोजी कूळकायद्याने कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला, तेव्हा खोताच्या भीतीने घरात एक पुरुष ठेवण्याची गरजही कमी झाली. दुखण्यासाठी विमा, म्हातारपणासाठी फंड, डोक्यावर न हलणारे छप्पर. गाव जे विनामोबदला देत होते, ते थोडेथोडे शहरात मिळू लागले. तेव्हा कोठे चाकरमान्याने बायकामुलांना बोटीत बसविले.

अंधेरीचा संबंध येथून येतो. गिरणगाव भरून गेले होते. नव्या संसाराला लालबाग-परळमध्ये खोली मिळणे पगडीशिवाय दुरापास्त. अंधेरी मुळात स्वतःच खेड्यांचा पुंजका. आंबोली, वेसावे, चकाला, मरोळ, कोंडिविटे ही तिची जुनी गावे; कोळीवाडा, भातखाचरे, ताडामाडाच्या वाड्या आणि खडकाच्या उभ्या सुळक्यावर बसलेली गिल्बर्ट टेकडीची गावदेवी. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली व अंधेरी शहराच्या हाताशी आली; १९५० साली ती मुंबई महापालिकेच्या हद्दीत घेतली गेली. पाठोपाठ कारखाने आले. अंधेरी-कुर्ला रस्ता व साकीनाक्याच्या बाजूस लहानमोठी कारखानदारी वाढली. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत मरोळला झाली. १९७३ साली सीप्झचे निर्यातक्षेत्र उभे राहिले. शेजारी विमानतळ. मोहन स्टुडिओ, प्रकाश स्टुडिओ, आंबोलीचे फिल्मालय अशा चित्रपटांच्या कारखान्यांतही सुतार, रंगारी, विजेची कामे करणारे असे शेकडो हात लागत. ज्या आगरी, कोळी, ईस्ट इंडियन कुटुंबांची खाचरे यात गेली, त्यांचा इतिहास वेगळा सांगितला पाहिजे. एका गावच्या माणसांनी शहर गाठले ते दुसऱ्या गावच्या शेतात, एवढे मात्र येथे नोंदवून ठेवणे न्यायाचे होईल.

स्थायिक होणे म्हणजे काय, हे दाखविणारे एक उदाहरण अंधेरीतच आहे आणि ते देवाशी निगडित आहे. आझाद नगरातील सार्वजनिक गणपती, ज्याला आज सर्व मुंबई ‘अंधेरीचा राजा’ म्हणून ओळखते, तो १९६६ साली गोल्डन टोबॅको, टाटा स्पेशल स्टील व एक्सेल इंडस्ट्रीज या कारखान्यांतील कामगारांनी बसविला. ही मंडळी लालबाग भागातून कामाच्या जवळ म्हणून इकडे राहायला आलेली. पुढे कारखान्याचा तंटा लांबला असता तो मिटावा म्हणून नवस बोलला गेला व म्हणून या गणपतीचे विसर्जन अनंत चतुर्दशीला न होता संकष्टीला होते, असे परंपरेने सांगतात. नवसाचा विषय पाहा. पीकपाणी नव्हे, गुरेढोरे नव्हे. कारखान्याचा दरवाजा उघडू दे. ज्याचे पोट ज्या गोष्टीवर, त्याचा नवस त्या गोष्टीचा. आणि गावच्या घरी दीड किंवा पाच दिवसांचा गणपती असतानाही ज्याने अंधेरीत गणपती बसविला, त्याने आपला मुक्काम ठरविला होता, यात शंका नाही.

अशा माणसाची कमाई किती असे? कंपनीत ‘पर्मनंट’ असलेला आणि नसलेला, यांत जमीनअस्मानाचे अंतर. मोठ्या कारखान्यात कायम झालेल्यास भत्ता, बोनस, फंड, रजा, कॅन्टीनचे जेवण. लहान वर्कशॉपमधील माणूस तात्पुरता. एका वर्षात २४० दिवस भरले तर कायद्याचे संरक्षण मिळते, म्हणून त्याआधीच ‘ब्रेक’ देऊन त्याला घरी बसवायचे आणि पुन्हा नवा म्हणून घ्यायचे, ही युक्ती सर्रास चाले. गिरणीतील बदली कामगाराचेही तेच. सकाळी फाटकाशी उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर काम, नसेल तर परत. गावी मात्र दोघांचीही ओळख एकच, ‘अंधेरीला कंपनीत आहे’. शिमग्याला येताना दोघेही नवे कपडे घालून येत. त्यांतील एकाचे कपडे भिशीच्या पैशाचे असत, हे गावाला दिसत नसे. आणि दिसू नये अशीच त्याची इच्छा असे.

कुटुंब आल्यावर पगाराला नवी तोंडे फुटली. खोलीसाठी घेतलेली उचल, रॉकेल, रेशन, दूध, लोकलचा पास, शाळेची वह्यापुस्तके. गावी ज्या लाकूडफाट्याला, भाजीपाल्याला, दहीताकाला पैसा म्हणून लागत नसे, त्या प्रत्येक वस्तूला आता किंमत आली. त्यात गावाहून शिकायला किंवा नोकरी शोधायला आलेला पुतण्या-भाचा वर्ष-दोन वर्षे त्याच दहा-बाय-बाराच्या खोलीत. हीसुद्धा गावाला केलेली मदतच होती, पण तिची पावती फाडण्याची पद्धत नव्हती. मनीऑर्डर आधी पातळ झाली, मग सणापुरती उरली, आणि आईवडील गेल्यावर बंद पडली. पुढे १ एप्रिल २०१५ पासून पोष्टाने ती जुनी सेवाच थांबविली, तेव्हा कित्येक घरांत कोणाच्या लक्षातही आले नाही.

या हिशेबात एक मोठी रक्कम नेहमी गळते, ती स्त्रियांच्या कमाईची. १९२०–३० च्या दशकात मुंबईच्या गिरणीकामगारांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या; पुढे तो घटत गेला. पण गिरणीबाहेर त्यांचे काम थांबले नाही. कामगारांना रांधून घालणाऱ्या खानावळीणींच्या जीवावर गिरणगाव जेवले. त्या सावकारी व्याजात पिचत होत्या. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. अंधेरीत तऱ्हा थोडी वेगळी. सीप्झमधील इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांनी बारीक कामासाठी प्रामुख्याने मुलीच घेतल्या. दहावी झालेली मुलगी बांधकामावर नव्हे, घरकामाला नव्हे, तर डबा घेऊन कंपनीत जाऊ लागली, ही त्या पिढीची मोठी उडी होती. काहींनी घरी पापड लाटले, मसाले कांडले, शिवणयंत्र चालविले, डबे केले. पुरुषाच्या पगारात खोलीचा महिना भागे. वर जे उरे ते बहुधा या कमाईतून. गावच्या घरावर कौले जाऊन स्लॅब पडला तेव्हा ‘अमक्याने मुंबईच्या पैशाने घर बांधले’ असे म्हटले गेले. अमकीने किती पापड लाटले, हे कोणी विचारले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे ६० गिरण्या आणि जवळपास अडीच लाख कामगार. हा संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्या काळात हजारो माणसे गावी परतली, आणि शाही आयोगाने म्हटलेला तो जुना ‘विमा’ गावाने शेवटचा एकदा चुकता केला. ज्या घरांत दोन-दोन वर्षे पैसा आला नव्हता, त्या घरांनी परत आलेल्याला नाचणीची भाकरी घातली. हे ऋण मुंबईच्या कोणत्याही पासबुकात लिहिलेले नाही. मात्र ज्यांची मुले अंधेरी-मरोळच्या कंपन्यांत किंवा लहान वर्कशॉपमध्ये लागली होती, त्यांतील अनेक घरे मुंबईतच तरली. पुढील वीस-तीस वर्षांत उपनगरांतील कारखान्यांनाही तीच कळा लागली. कोणी स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हाती ठेवून दरवाजे लावले, कोणी कारखाना दुसऱ्या राज्यात नेला. विलेपार्ल्याचा १९२९ सालचा पार्ले बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला, तेव्हा रेल्वेतून जाताना येणारा तो वासही गेला.

आज मागे वळून पाहता एक गोष्ट ठळक दिसते. अंधेरीत राहिलेल्या चाकरमान्याला श्रीमंत केले असेल तर ते त्याच्या पगाराने नव्हे, त्याच्या खोलीने. पागडीची खोली, वसाहतीतले घर, किंवा १९७६ च्या झोपडीगणनेत नोंद होऊन फोटोपास मिळालेले छप्पर. ज्याच्याकडे हा कागद होता, त्याच्या मुलांना पुढे पुनर्विकासात इमारतीत घर मिळाले. तीस वर्षे यंत्रावर उभे राहून जे जमले नाही, ते भिंतींच्या जागेने केले. परंतु ही श्रीमंतीही खिशात येणारी नाही. राहत्या घराचे भाव वाढले म्हणून त्यात राहणाऱ्याच्या हाती चार पैसे अधिक येत नाहीत. उलट इमारतीचा मासिक खर्च वाढतो. भावंडांत वाटणी आली की घर विकावे लागते, आणि मग देणगीच्या पावतीवरील अंधेरीचा पत्ता विरार, नालासोपारा किंवा बदलापूर होतो.

गावाकडील बाजू अशीच अवघड. सातबाऱ्यावर सामायिक नावांची रांग वाढत गेली आहे. पणजोबांच्या चार मुलांचे वंशज मिळून जमिनीचे मालक. कसणारा एक, सही देणारे पाच पत्त्यांवर. जो गावी राहिला त्याने घर शाकारले, कुंपण केले, म्हाताऱ्यांची सेवा केली, पालखीला खांदा दिला. त्याच्या या कामाचे मोल कोणत्या वर्गणीशी करावे? जमिनीत मुंबईकराचा हिस्सा कायद्याने शाबूत आहे, आणि मनीऑर्डरीच्या काळात त्याच्या आजोबाने त्याच जमिनीचे देणे फेडले होते हेही खरे. दोन्ही हक्क खरे असल्यामुळेच भावकीतील ही भांडणे लवकर मिटत नाहीत.

देवळाच्या वर्गणीत मात्र दोन्ही बाजू एका वहीत येतात. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांची ही वही पाहिली तर तिची सुरुवात बहुधा गावकीच्या खोलीतच झालेली दिसते. महिन्याला अमुक पैसे, त्यातून कोणाचे अंत्यकर्म, कोणाची परतीची तिकिटे, आणि उरेल ते गावच्या देवाला व शाळेला. खोलीतील माणसे उपनगरांत पांगली, तशी वहीही अंधेरी-जोगेश्वरीच्या एखाद्या घरात रविवारी भरणाऱ्या बैठकीत गेली. फलकावर नावे रकमेच्या क्रमाने लागतात, ही सोय आहे. कोणाच्या कमाईतला किती भाग आला, हे त्या क्रमावरून समजत नाही. पेन्शनीतून पाचशे देणारा खाली असतो, इमारतीच्या धंद्यातून पन्नास हजार देणारा वर. श्रमदानाचा तर आकडाच नसतो.

आणि त्या फलकावर पुष्कळ ठिकाणी ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, श्रीमती अमुक, अंधेरी’ असे लिहिलेले सापडते. ती रक्कम नवऱ्याच्या फंडातली असेल असे वाचणारा समजतो. नवऱ्याचा फंड बहुतेक वेळा मुलींच्या लग्नात संपलेला असतो. हे पैसे तिच्या शिवणयंत्राचे असतात.